डायबिटीस नुकताच कळलाय? रोजच्या जगण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्ट हातात आला की पहिले दोन आठवडे डोकं ठिकाणावर नसतं. डॉक्टरांसमोर बसल्यावर एकही प्रश्न सुचत नाही आणि घरी आल्यावर रात्री दोन वाजता वीस सुचतात. माझंही तसंच झालं होतं. टाइप २ डायबिटीस सोबत घेऊन मला आता अकरा वर्षं झाली. ज्यांना नुकताच कळलाय असे लोक मला जे विचारतात, त्यातलं बरंचसं इथे आहे. मी डॉक्टर नाही. कोणती गोळी, किती डोस, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. रोजचं कसं निभवायचं, एवढंच मी सांगू शकते.

मला काहीच त्रास होत नाही. रिपोर्ट चुकीचा तर नसेल?

त्रास नसणं हेच टाइप २ चं नेहमीचं रूप आहे. साखर वर्षानुवर्षं हळूहळू चढते आणि शरीर त्याला सरावतं. निदानाचे आकडे ठरलेले आहेत: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त. खूप तहान, सारखी लघवी अशी लक्षणं असतील तर दिवसातल्या कुठल्याही वेळची २०० किंवा जास्त साखर पुरते. लक्षणं नसतील तर मात्र एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. तुमची एकच तपासणी झाली असेल तर "पुन्हा करून बघू या का?" असं विचारण्यात गैर काही नाही. पण दुसरीही तशीच आली तर तिसऱ्या लॅबच्या मागे लागू नका.

(साखरेचे हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले आहेत. काही देशांत मिलिमोल वापरतात. तिथला आकडा १८ ने गुणला की आपला मिळतो.)

एचबीएवनसी म्हणजे नेमकं काय?

रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून हा आकडा फसत नाही. मी करून पाहिलं आहे, म्हणून सांगते.

ॲनिमिया, थॅलेसेमिया किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर मात्र हा आकडा दिशाभूल करू शकतो. तसं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

टाइप १ आणि टाइप २ मधला फरक मला का माहीत हवा?

कारण उपचारच वेगळे. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन (रक्तातली साखर पेशींत पोचवणारं हार्मोन) बनवणाऱ्या पेशींवर उलटते, आणि तिथे इन्सुलिनला पर्याय नाही. तो लहान मुलांनाच होतो हा समज चुकीचा आहे. चाळिशीतही होतो आणि कधी कधी सुरुवातीला टाइप २ समजला जातो. तुम्ही सडपातळ असाल, वजन झपाट्याने उतरत असेल, गोळ्या घेऊनही साखर हलत नसेल, तर अँटीबॉडीची तपासणी करायची का हे विचारा. आणि साखर खूप जास्त असताना उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा श्वासाला फळासारखा गोडसर वास, यातलं काही असेल तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. ती किटोॲसिडोसिसची, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठण्याची, लक्षणं आहेत.

मी गोड जास्त खाल्लं म्हणून झाला का?

एवढं सरळ गणित नाही. अनुवंश, वाढलेलं वजन, विशेषतः पोटाभोवतीची आणि यकृतातली चरबी, वय, बैठं काम, झोप, काही औषधं, या सगळ्यांची ती गोळाबेरीज आहे. ताटात गोड शिल्लक ठेवणारे माझ्या ओळखीचे कितीतरी जण डायबिटीसवाले आहेत. घरात "सांगत होते ना!" म्हणणारं कुणीतरी असतंच. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनाही एकदा साखर तपासायला सांगा. आईवडील किंवा भावंडांत डायबिटीस असेल तर त्यांचाही धोका वाढलेला असतो.

मग आता खायचं काय?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो आणि त्याचं उत्तर म्हणून बहुतेकांच्या हाती "हे बंद, ते बंद" अशी यादी पडते. यादी महिनाभर टिकते. म्हणून मी ताटापासून सुरुवात करायला सांगते. अर्ध्या ताटात भाज्या, पण बटाट्यासारख्या पिठूळ नव्हेत. पाव ताटात डाळी, कडधान्यं, अंडी, मासे असं प्रथिनांचं काहीतरी. उरलेल्या पाव ताटात धान्य. बहुतेकांच्या ताटात हे प्रमाण नेमकं उलटं असतं. काहीही बंद न करता फक्त ही वाटणी बदलली तरी जेवणानंतरच्या आकड्यात फरक दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. आधी भाजी आणि प्रथिनं, धान्य शेवटी. तेच जेवण, तेवढंच, पण या क्रमाने खाल्लं तर साखर कमी उंच चढते. मला हे आधी थोतांड वाटलं होतं. मग एकाच प्रकारचं जेवण दोन दिवस उलटसुलट क्रमाने खाऊन मीटरवर पाहिलं आणि गप्प बसले.

तिसरी गोष्ट लोकांना पटत नाही: धान्य भरड असलं तरी ते धान्यच. भरड धान्यात तंतू जास्त म्हणून साखर सावकाश चढते, पण "हेल्दी आहे" म्हणून दुप्पट वाढून घेतलं की फायदा गेला. प्रमाण मोजायचा कंटाळा येत असेल तर रोजची एकच वाटी ठरवून ठेवा. मी अकरा वर्षं तीच काठाला पोचा पडलेली वाटी वापरते. दुसऱ्या वाटीत माझा अंदाज चुकतो.

आणि जेवणाच्या वेळा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी चालू असेल तर जेवण टाळणं धोक्याचं आहे. ते पुढे येतंच.

फळं, मध, शुगर-फ्री बिस्किटं?

फळ खा, रस नको. अख्ख्या फळात तंतू असतात, चावावं लागतं, एकात पोट भरतं. ग्लासभर रसात तीन-चार फळांची साखर दोन मिनिटांत पोटात जाते. मध नैसर्गिक आहे हे खरं, पण रक्तात गेल्यावर ती साखरच. "शुगर-फ्री" बिस्किटाच्या पुड्यामागे एकूण कर्बोदकं किती ते वाचा. साखर नसली तरी पीठ आहेच. चहा-कॉफीत कृत्रिम गोडी घातली तर साखर वाढत नाही, पण जीभ गोडाला सोकावलेलीच राहते. मी हळूहळू बिनसाखरेच्या चहावर आले. पहिले तीन आठवडे वाईट गेले, आता गोड चहा घशाखाली उतरत नाही.

घरी साखर कशी आणि कधी तपासू?

फक्त मेटफॉर्मिन (टाइप २ मध्ये सहसा पहिली दिली जाणारी गोळी) चालू असेल तर रोज चार वेळा बोट टोचायची बहुधा गरज नसते. इन्सुलिन असेल तर तपासणं जास्त वेळा लागतं. किती वेळा, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पण सुरुवातीचे काही आठवडे मी सगळ्यांना एक उद्योग सुचवते. जेवणाचा पहिला घास घेण्याआधी एकदा आणि घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी एकदा तपासायचं. रोज एकच जेवण निवडा, आज सकाळचं, उद्या दुपारचं. शेजारी काय खाल्लं ते लिहा. पंधरा दिवसांत तुमचं तुम्हालाच कळतं की कोणता पदार्थ तुम्हाला चालतो. तक्त्यापेक्षा ही वही खरी. दोघांनी तेच खाल्लं तरी आकडे वेगळे येतात.

बऱ्याच प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ च्या आत असं लक्ष्य धरतात. खूप वय असेल, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर ते मुद्दाम सैल ठेवतात. गरोदरपणात जास्त घट्ट.

आता हात धुण्याबद्दल. एका संध्याकाळी माझ्या मीटरने २४७ दाखवलं. दिवसभर काही वावगं खाल्लं नव्हतं. छातीत धस्स झालं. मग लक्षात आलं, दहा मिनिटांपूर्वी संत्रं सोललं होतं. साबणाने हात धुतले, नीट कोरडे केले, पुन्हा टोचलं: १३४. बोटावरचा रसाचा एक न दिसणारा थर एवढं करतो. सॅनिटायझरने ती साखर नीट निघत नाही, पाणी आणि साबणच हवा.

बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. बोट रोज बदला. स्ट्रिपची डबी उघडी ठेवली की दमटपणाने स्ट्रिप खराब होतात. आणि लॅबच्या आकड्याशी मीटर तंतोतंत जुळणार नाही. साधारण १५ टक्के इकडेतिकडे चालतं. १४० आणि १५२ यात फरक शोधत बसू नका.

रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळची साखर रात्रीपेक्षा जास्त कशी?

पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. ज्यांना डायबिटीस नाही त्यांचं इन्सुलिन लगेच सावरतं, आपलं सावरत नाही. याला पहाटेचा परिणाम म्हणतात आणि तो फार जणांना असतो. तेव्हा सकाळचा आकडा पाहून आदल्या रात्रीच्या जेवणावर खापर फोडायची घाई नको. रोजच जास्त येत असेल तर वहीत दाखवा, औषधाची वेळ बदलून फरक पडू शकतो.

मेटफॉर्मिनने पोट बिघडलं. बंद करू का?

स्वतःहून नको. सुरुवातीला मळमळ, पातळ शौचाला होणं हे नेहमीचं आहे आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. गोळी जेवणासोबत घ्या, उपाशीपोटी नको. तरी त्रास होत असेल तर सावकाश विरघळणारी गोळी मिळते, ती मागा. या गोळीचं रिकामं कवच कधी कधी शौचात अख्खं दिसतं. औषध आत उतरलेलं असतं, घाबरू नका. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या आल्या की लोक ते डायबिटीसच्या नावावर खपवतात, तेव्हा बी-१२ एकदा बघून घ्यावं.

साखर एकदम कमी झाली तर?

७० च्या खाली गेली की ती कमी धरायची. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा होत नाही.

माझी पहिली वेळ सांगते. एक मीटिंग लांबली आणि दुपारचं जेवण साडेतीनवर गेलं. सकाळची गोळी मात्र वेळेवर घेतलेली. आधी उगाचच चिडचिड झाली. मग मानेखाली गार घाम. समोरचे बोलत होते ते ऐकू येत होतं, पण वाक्याचा अर्थ लागत नव्हता. पाणी प्यावं म्हणून बाटली घेतली तर झाकण फिरेना, बोटांत जोरच नाही. शेजारच्या सहकारी बाईंनी चेहरा पाहिला आणि स्वतःच्या पिशवीतून ज्यूसचा डबा काढून हातात दिला. मीटरवर ५८. नंतरची चूक माझी: घाबरून दिसेल ते खात सुटले आणि दोन तासांनी २९० वर पोचले.

म्हणून नियम पंधरा-पंधराचा. १५ ग्रॅम पटकन चढणारी साखर, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या, ३-४ छोटे चमचे साखर पाण्यात, किंवा साधारण १५० मिलिलिटर फळांचा रस. मग १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आली की जेवण किंवा काहीतरी खाणं. ती पंधरा मिनिटं संपता संपत नाहीत, पण थांबायचं. चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज (पिष्ट आणि साखर सावकाश पचवणाऱ्या गोळ्या) घेत असाल तर साधी साखर नीट फुटत नाही, ग्लुकोजच हवं. ग्लुकोज खिशात, बॅगेत, गाडीत, उशाशी असं चारही ठिकाणी ठेवा.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा. हे घरच्यांना आजच सांगून ठेवा. वेळ येईल तेव्हा सांगणारे तुम्ही शुद्धीवर नसाल.

दारूबद्दल इथेच सांगते: यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की साखर सोडायचं काम मागे पडतं, आणि उपाशीपोटी प्यायलं तर काही तासांनी, झोपेतसुद्धा, साखर उतरू शकते. बघणाऱ्याला वाटतं, चढली आहे.

व्यायाम म्हणजे जिमच का?

नाही. स्नायू हलले की ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललात तरी दोन तासांनी मीटरवर दिसतं. आठवड्याला १५० मिनिटं जोरकस चालणं हे सर्वसाधारण लक्ष्य. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, कारण परिणाम तेवढ्यातच ओसरतो. जोडीला आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं किंवा खुर्चीवरून उठबस. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसूनही हातपाय हलवता येतात. छातीत दुखत असेल किंवा डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव झालेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

नजर धूसर झाली. चष्मा बदलू का?

लगेच नको. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग पाणी धरतं किंवा सोडतं आणि नंबर बदलल्यासारखा वाटतो. उपचार सुरू झाल्यावर साखर खाली येतानाही हे होतं, आणि तेव्हा माणूस जास्तच घाबरतो, की औषधाने डोळे गेले. काही आठवड्यांत स्थिर होतं. मी घाई करून चष्मा केला आणि तो दीड महिन्यात बाद झाला.

पण बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी ही वेगळी गोष्ट. टाइप २ मध्ये ती निदान झाल्या झाल्या करायची, नंतर सहसा वर्षाला. पडद्याचं नुकसान सुरुवातीला दिसतही नाही आणि दुखतही नाही.

पायांची एवढी काळजी का?

नसा बधिर झाल्या की चपलेतला खडा कळत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असला की तीच जखम भरत नाही. रोज रात्री तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. घरातही अनवाणी नको. पाणी गरम आहे का ते कोपराने बघा, पायाने नाही. कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापू नका. मलम तळव्याला लावा, बेचक्यांत नको. जखम दोन दिवसांत सुधारली नाही, लाल झाली किंवा वास आला तर दाखवायचंच.

ताप आला, जेवण जात नाही. गोळ्या इन्सुलिन थांबवू का?

आजारपणात न खाताही साखर वाढते, हे आधी लक्षात घ्या. टाइप १ असेल तर इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही. दुसरीकडे उलट्या-जुलाब होऊन शरीरातलं पाणी कमी झालं तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणती थांबवायची, कोणती नाही, हे तब्येत चांगली असतानाच डॉक्टरांकडून कागदावर घेऊन फ्रिजला चिकटवा. स्टिरॉइड दिलं तर साखर चढणार, आधीच विचारून ठेवा.

इन्सुलिन सुरू केलं म्हणजे शेवट आला का?

ही भीती मी स्वतः चार वर्षं बाळगली. टाइप २ मध्ये निदान होतं तेव्हाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम बरंचसं घटलेलं असतं आणि पुढे आणखी घटत जातं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासातून हे दिसलं. म्हणजे काही वर्षांनी इन्सुलिन लागलं तर तुम्ही काही पाप केलंत असं नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी टाइप १ म्हणजे मरणाचीच वाट होती. आजच्या पेनची सुई चार मिलिमीटरची असते, बोट टोचण्यापेक्षा कमी दुखते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेलं फेकायचं.

डायबिटीस पूर्ण बरा होतो का?

"बरा" हा शब्द डॉक्टर वापरत नाहीत, "रेमिशन" म्हणतात: साखरेची औषधं थांबवून किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली. ते शक्य आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या डायरेक्ट अभ्यासात, निदानाला सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या आणि देखरेखीखाली अतिशय कमी उष्मांकांचा आहार घेतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचं वर्षअखेर रेमिशन झालं. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. वजन परत वाढलं की साखरही परत आली. त्यामुळे नुकतंच निदान झालेल्या, वजन जास्त असलेल्या माणसाने याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावं. काढे आणि चूर्णं विकून "मुळापासून घालवतो" म्हणणाऱ्यांशी बोलायची गरज नाही, आणि त्यांच्या भरवशावर इन्सुलिन सोडणं जिवावर बेतू शकतं.

लोकांना सांगू का? आणि या सगळ्याचा वैताग आला तर?

घरात आणि कामाच्या ठिकाणी निदान एकाला तरी सांगा. त्या दिवशी ज्यूस देणाऱ्या बाईंना माझं माहीत होतं म्हणून निभावलं. बाकीच्यांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आग्रह करणाऱ्यांना "एकाने काय होतंय" याचं उत्तर देत बसू नका. "नको, पोट भरलं" हे दोनदा म्हणा, तिसऱ्यांदा ताट बाजूला ठेवा.

वैताग येतो. सुट्टी नसलेली नोकरी आहे ही. मीटर म्हणजे परीक्षक वाटायला लागतो, २१० आलं की नापास झाल्यासारखं होतं. मी वहीत लाल पेनाने आकडे लिहायची ते बंद केलं, त्याने फरक पडला. २१० म्हणजे आता काय करायचं याची माहिती आहे, बस. पण झोप उडाली, कशातच मन लागेना, गोळ्या मुद्दाम चुकवाव्याशा वाटू लागल्या तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावरही उपचार असतात.

पुढच्या भेटीला काय घेऊन जाऊ?

आकड्यांची वही, नुसता शेवटचा आठवडा नको. सगळ्या गोळ्यांची पाकिटं, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्यांसह. तीनच प्रश्न, लिहून, महत्त्वाचा सगळ्यात वर. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलबद्दल तुम्हीच विचारा, कारण हृदयाला धोका साखरेइतकाच त्यांचाही. किडनीसाठी लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी वर्षातून एकदा झाली का ते बघा. दात आणि हिरड्या दाखवल्या नसतील तर तेही. आणि आत बोलावण्याआधी, बाहेर बाकावरच, बूट-मोजे काढून ठेवा. उघडे पाय समोर दिसले की डॉक्टर ते बघितल्याशिवाय सोडत नाहीत.